कुंकू म्हणजे हळदच

शुक्रवार, ९ जानेवारी १९५९

आज घरात आलं ते असं: पांढरी कोंबडी एक, रु. ६. काळ्या गावठी दोन, मिळून रु. ५. वेताचं डालगं ७५ नये पैसे. बाजरीची चुरी रु. १. सांगानेरहून आणायला टांगा ५० न. पै. एकूण रु. १३.२५. टांगेवाला दोन आणे जास्त मागत होता. दिले नाहीत.

आमच्या घराण्यात उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलेलं नाही. पण दिवाळीत शुभदाच्या छातीत पाणी झालं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनांबरोबर लिहून दिलं: पूर्ण विश्रांती, दूध, रोज एक अंडं. मार्चअखेर एक्सरे. वजन वाढलं तर शाळा, नाही तर सॅनेटोरियम. बारा वर्षांची पोर. सॅनेटोरियमचं नाव घरात काढायचं नाही असं मी सांगून टाकलंय. बाजारात अंडं दोन आण्याला, तेही कधीचं कोण जाणे. हिशेब करून पाहिला. पावसाळ्याच्या आत कोंबड्यांचे पैसे वसूल, पुढे अंडी फुकट. हे म्हणाले, "ऑडिटला तुलाच घ्यायला हवं होतं." मी ते खरंच धरलं.

नियम ठरवले. कोंबड्या मागच्या अंगणातच. अंडं हे उकडतील, मागच्या छपरीत, वेगळ्या शेगडीवर. मी हात लावणार नाही. कोंबड्यांकडे जाताना जुनं लुगडं.

नवीन लक्ष्मी म्हणून तिघींना दारात हळद-कुंकू लावलं. ह्यांनी विचारलं, "ओटीसुद्धा भरणार आहेस का?"

रविवार, ११ जानेवारी

पांढरीने अंडं दिलं. काळ्या नुसत्या खातात. शुभीने पांढरीचं नाव चांदी ठेवलं. काळ्यांची नावं बडी बी आणि छोटी बी. पोर पाच वर्षं जयपुरात वाढली, नावंसुद्धा हिंदीत सुचतात. दिवसभर अंगणात खाटेवर उन्हात पडलेली असते. चांदी खाटेखाली बसते. आजारामुळे दुसरी मुलं येत नाहीत, येऊ नयेतच. शुभीचं ताट, वाटी, पेला मी वेगळे केलेत. लाल रंगाचा ठिपका दिलाय खाली, चुकून मिसळू नयेत म्हणून.

अंडं खाताना तिने नाक दाबलं. पण खाल्लं. श्रद्धेने पुढे जायचं.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

हा देश पतंगांपायी वेडा होतो. सकाळपासून गच्चीगच्चीवर "वो काटा!" चाललंय. दुपारी एक तुटलेला मांजा आमच्या अंगणात आला. चांदी त्यात अडकली. ओढाताण करता करता पाठीवरची कातडी कापली गेली, शेपटाच्या जरा वर. रुपयाएवढं मांस उघडं. पांढऱ्या पिसांवर रक्त भारी दिसतं. शुभी रडली. मी रडले नाही. शरीरशास्त्र आणि आरोग्य हा विषय मला मॅट्रिकला होता. बासष्ट मार्क.

गुरुवार, १५ जानेवारी

चांदीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं, कारण तिथे पैसे पडत नाहीत. डॉक्टर माथुर म्हणून आहेत. तिथे एक म्हैस, एक उंट आणि मी. डॉक्टरांनी मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, भोवतीची पिसं कातरली. म्हणाले, "बहनजी, नीली दवा लगाना. और भरने तक अलग रखना. बिलकुल अलग." चिठ्ठीवर जेन्शन व्हायोलेट लिहिलं.

दोन गोष्टी, दोन्ही सोप्या. उद्यापासून शिस्तीत.

शुक्रवार, १६ जानेवारी

केमिस्टकडे जाऊन आले. जांभळं औषध छोटी बाटली आठ आणे. शिवाय कपड्यावर पडलं तर डाग जन्मात जात नाही. घरी लाल औषधाची अर्धी बाटली आहे, हे सायकलवरून पडले तेव्हाची. जखमेचं औषध ते जखमेचं औषध. रंगाला काय करायचंय? लाल लावलं.

वेगळं ठेवायचं म्हणजे दुसरं डालगं, आणखी पाऊण रुपया. आणि एकटी पडली तर खंतावते. शुभीचं बघतेच आहे मी. तिघी एकत्रच ठेवल्या.

शुक्रवार म्हणून हळद-कुंकू.

सोमवार, १९ जानेवारी

जखम वाढलीय. कावळ्यांचं काम. इथले कावळे फार धीट आहेत. डालग्यावर जुनी मच्छरदाणी टाकली. लाल औषध दोन वेळा लावायचं ठरवलं.

अंडी चालू आहेत.

शुक्रवार, २३ जानेवारी

लाल औषध संपलं. घरात आहे त्यात भागवणं हे माझं तत्त्व. हळद खोबरेल तेलात कालवून लावणार होते, तर डबा रिकामा. इथल्या वाण्याची हळद भेसळीची, ती मी घेत नाही, मिरजेहून येते तेव्हाच. मग डोक्यात आलं, आणि स्वतःचंच कौतुक वाटलं. कुंकू म्हणजे काय? हळदच. लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवून लाल झालेली. म्हणजे हळद जंतुनाशक, लिंबू जंतुनाशक, टाकणखार तर डॉक्टरसुद्धा वापरतात. वर अंबाबाईच्या देवळातलं. एका चिमटीत चार गुण. हे कोणत्या डॉक्टराला सुचलं असतं?

तेलात कुंकू कालवून जाड लेप दिला. चांदी शांत बसून राहिली. तिला कळतं.

हे उद्या ऑडिट पार्टीबरोबर कोट्याला. महिनाभर तरी. अंड्याची शेगडी आता माझ्याकडे. चिमट्याने उचलेन, हात लागणार नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

शुभी म्हणाली, "आई, लाल मत लगाओ ना. लाल दिसलं की बडी बी टोचते. मग छोटी बी पण."

दिवसभर पडून असलं की मुलांना काहीबाही दिसायला लागतं. तिला नीट समजावलं. लाल पाहून टोचत असत्या तर एकमेकींच्या तुऱ्यांना नसत्या टोचल्या? तुरा लालच असतो. मुलांना तर्काने गप्प करता येतं, मारायची गरज नाही.

कावळ्यांसाठी मच्छरदाणीला आणखी एक गाठ मारली.

सोमवार, २ फेब्रुवारी

चांदीचं अंडं बंद, तीन दिवस झाले. काळ्यांचा तर प्रश्नच नाही. नीट विचार केला. बाजारातून आणायची तर चांदी बरी झाल्यावर ते पैसे वायाच की. आठवड्याचा प्रश्न आहे. तोवर शेंगदाणे भिजवून आणि गूळ. शेंगदाण्यात अंड्याइतकीच शक्ती असते असं मी कुठेतरी वाचलंय. शुभीला आवडतातही.

ह्यांचं कार्ड: "अंडं नियमाने चालू असेलच." चालू नाही असं कुठे आहे? थांबलंय.

सोमवार, ९ फेब्रुवारी

शुभीने शाळेचा हट्ट धरला. डॉक्टरांनी नको सांगितलंय, पण अर्धा दिवस बसून यायला काय होतं, फी तर भरतोच आहोत. स्वच्छ फ्रॉक, दोन वेण्या, कपाळावर कुंकू लावून पाठवलं.

अकरालाच घरी. कपाळ कोरडं. विचारलं तर खाटेवर पडून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीशीच बोलली. बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे बसल्या म्हणे. टीका बघून दुरूनच ओळखलं, "टीबीवाली मराठन आ गई." वर्गात एवढं कुंकू कोणीच लावत नाही. नळावर जाऊन हिने धुऊन टाकलं.

मी सांगितलं, घाम आला असेल, पुसलं गेलं असेल. ती म्हणाली, फेब्रुवारीत?

उलट बोलायला लागली म्हणजे तब्येत सुधारतेय.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रथसप्तमीच्या आत संक्रांतीचं हळद-कुंकू उरकलं. चार घरच्या मराठी बायका. लुटायला साबणाच्या अर्ध्या वड्या, दोऱ्याने कापून. शालनताई आल्या होत्या. त्यांचे यजमान आनंदराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, म्हणून सगळं प्राणिजगत आपल्याच घरचं असं त्यांना वाटतं. हात धुवायला म्हणून मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगबाई रत्नप्रभाताई! ही सवाष्ण कोण बसवलीय डालग्यात? हिला वाण दिलंत की नाही?"

बायका हसल्या. मीही हसले.

जाताना बाजूला घेऊन म्हणाल्या, "थट्टा नाही करत. वास येतोय हो जखमेला. आमच्याकडे जांभळं औषध आहे, पाठवते." मी म्हटलं उपचार चालू आहेत. फुकटचं औषध घ्यायचं म्हणजे मग त्यांच्याकडे पापडाच्या वेळेला राबायला जावं लागतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

लेप टिकत नाही, कोणीतरी उकरतं. कावळाच असणार असं मी म्हणत होते, पण आज शंका आली की मुंगूस असेल. म्हणून पट्टी बांधायचं ठरवलं. घरात जुनं स्वच्छ फडकं एकच निघालं, खणाचा लाल तुकडा. पोटाखालून घेऊन पाठीवर छान गाठ मारली. चांदी नव्या सुनेसारखी दिसत होती.

संध्याकाळी पट्टीच्या चिंध्या. एक चिंधी बडी बीच्या चोचीत होती. खेळत असेल.

शेंगदाणे संपले. उद्यापासून चणे.

मंगळवार, ३ मार्च

लिहावं की नाही. लिहिते, हिशेब सगळाच हवा.

सकाळी चांदीला उचललं तर जखमेत काहीतरी हललं. आळ्या. पाठीला पोकळी पडलीय, आत बोटाचं पेर जाईल एवढी. माशा आता उठल्या आहेत, ऊन चढतंय. मी तिला खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन उभी राहिले. जप केला.

परत आले तर शुभी चांदीला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या शिवणाच्या डब्यातल्या भुवयांच्या चिमट्याने एकेक आळी काढून पाण्याच्या वाटीत टाकत होती. तिच्याच वाटीत, लाल ठिपक्याच्या. मी ओरडले. ती म्हणाली, "माझीच आहे ना. इसमें और कोई थोड़े ही खाएगा."

बुधवार, ४ मार्च

पुन्हा दवाखाना. डॉक्टर माथुरांनी आधी चांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यह लाल क्या लगाया है?" मी कुंकवाचं शास्त्र समजावून सांगितलं, लिंबू, टाकणखार, सगळं. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मग शुभीला सांगावं तसं मला सांगितलं. पांढऱ्या अंगावर लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचतात. टोचलं की रक्त. रक्त दिसलं की आणखी टोचतात. मरेपर्यंत. जांभळ्याने घाव झाकतो, म्हणून नीली दवा. म्हणूनच अलग. "मैंने दो ही बातें कही थीं, बहनजी."

घरी येईस्तोवर मी विचार केला. माणसाने नवं ज्ञान घ्यायला लाजू नये. शुभीनेही असंच काहीतरी म्हटलं होतं, पण तिला कारण सांगता आलं नव्हतं, म्हणून ते ज्ञान नव्हे.

जांभळं औषध आठ आणे. दुसरं डालगं पाऊण रुपया. महिनाभर मी अंड्यांचे पैसे वाचवले नसते तर आज हे कुठून आलं असतं?

गुरुवार, १२ मार्च

सुधारणा! आळ्या नाहीत. वास नाही. कडेने कातडी पुढे सरकतेय. रोज मिठाच्या पाण्याने धुणं आणि जांभळं. शुभी करते सगळं, मी देखरेख करते. पोरीचे हात जांभळे, फ्रॉक जांभळा, खाटेची चादर जांभळी. चांदी तर शाईच्या दौतीत पडल्यासारखी. पण चालते, दाणे टिपते. शुभी तिच्याशी दिवसभर बोलते. खोकला रात्रीचा थोडा आहे. हवा बदलतेय.

हे शनिवारी येतील. त्यांच्या समोर सगळं सुरळीत दिसेल.

बुधवार, १८ मार्च

अंडं! चांदीने अंडं दिलं. लहानसं, पण अंडं. शुभी खाटेवरून ओरडली, "आई, दिया! दिया उसने!" मी देवापुढे साखर ठेवली. दीड महिन्याचा खंड, पण देवाने राखलं. एक्सरेला अजून बारा दिवस आहेत. रोज एक धरलं तरी काही थोडंथोडकं नाही. शुभीने नाक न दाबता खाल्लं.

हे म्हणाले, "अरे वा. म्हणजे आजवर नियमाने झालं तर." मी म्हटलं, बघा ना किती मऊ उकडलंय.

शुक्रवार, २० मार्च

सकाळी लिहिते आहे.

आज शुक्रवार. लक्ष्मी पुन्हा पावली, तिला कोरडं कसं ठेवायचं? जांभळं औषध पाठीवर आहे. कुंकू कपाळावर. जागा वेगळी, कारण वेगळं. अगदी टाचणीच्या डोक्याएवढं. दोन आठवडे बिचारी एकटी डालग्यात, आज तरी शुक्रवारचं म्हणून काळ्यांबरोबर अंगणात सोडली. खपली धरलीच आहे. शुभी अंथरुणात होती, मी तिला उठवलं नाही. गोविंददेवजीला जाऊन येते. नवस बोलले होते.

त्याच दिवशी, दुपारी.

देवळात गर्दी होती. शुक्रवारी असते.

परत आले तर मागचं दार उघडं. शुभी अंगणात उभी, हातात अंगण झाडायचा लांब झाडू. अनवाणी. तिचा फ्रॉक पुढून लाल. मला वाटलं तिलाच काही झालं. तिच्या पायाशी चांदी. डोक्यापासून पाठीपर्यंत. लिहीत नाही. जांभळं कुठेच दिसत नव्हतं.

काळ्या भिंतीवर चढून बसल्या होत्या. चोची पुसत होत्या भिंतीला.

काळ्यांना हाकलत शुभी अंगणभर पळाली होती. किती वेळ, ते सांगता येत नाही तिला. ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघाला नाही, श्वासच नव्हता. हे समोरच्या खोलीत दाढी करत होते, रेडिओ लावून. तिला खाटेवर निजवलं. छातीचा भाता चाललेला. पाणी पाजलं. ते खोकल्याबरोबर बाहेर आलं.

मला म्हणाली, "तूने फिर से लगाया."

नुसतं एवढंच. मी सांगितलं, कपाळाला लावलं होतं गं, पाठीला नव्हे.

शनिवार, २१ मार्च

ह्यांनी चांदीला मागच्या कुंपणापाशी पुरलं. मग त्यांनी शेगडीजवळची टोपली पाहिली, जिच्यात अंड्यांची टरफलं खतासाठी साठवते मी. दोन-तीन मुठीच होती. ती हातात घेतली आणि परत टोपलीत ठेवली.

संध्याकाळी बाजारातून डझन अंडी आणली. दीड रुपया.

शुभीला ताप.

बुधवार, २५ मार्च. धुळवड

गल्लीत रंग चाललाय. शेजारच्या जैन भाभीजी गुलाल घेऊन दारात आल्या होत्या. कोंबड्या आणल्यापासून बोलत नव्हत्या, आज सण म्हणून आल्या असतील, किंवा एक कमी झाली म्हणून. "होली है भाभी, टीका तो लगवाओ बिटिया को." शुभी दाराआड गेली आणि आतून कडी लावली. मी त्यांना सांगितलं, बरं नाही तिला. भाभीजी माझ्या कपाळाला लावून गेल्या.

अंडी तशीच आहेत. शुभी तोंडात घेते आणि गिळत नाही. तिला जबरदस्ती करायची नाही असं ह्यांनी सांगितलंय. उद्यापासून मी दुधात घालून देणार आहे, कळणारही नाही.

मंगळवार, ३१ मार्च

एक्सरे झाला. वजन दिवाळीत होतं त्याहून दीड शेर कमी. मी त्या काट्याकडे नीट पाहिलं, एका बाजूला कललेला होता. तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काटा सगळ्यांनाच कललेला आहे.

मग विचारलं, "अंडा रोज़ दिया?"

मी म्हटलं, हो.

शुभीने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या तक्त्यावर डोळे तपासायची अक्षरं होती, ती वाचत बसली. हे म्हणाले, "जितना हो सका, डॉक्टर साहब." इतकी वर्षं लोकांचे हिशेब तपासणारा माणूस. पहिल्यांदा त्यांना न जुळणाऱ्या हिशेबावर सही करताना पाहिलं.

पुन्हा पाणी झालंय, यावेळी दुसऱ्या बाजूलाही डाग आहे. अजमेरकडच्या सॅनेटोरियममध्ये ८ तारखेला खाट रिकामी होतेय. सहा महिने धरून चाला म्हणाले.

मला वाटतं हवापालट उत्तम. तिकडे डोंगर आहे.

बुधवार, ८ एप्रिल

आठ तारखेला अमावास्या. मी पाडव्यानंतरचा दिवस मागून घ्या म्हटलं होतं. हे म्हणाले, "खाट रिकामी कशी झाली ते विचारलंस का?" मग मी पंचांगात पाहिलं, अमावास्या सकाळीच संपत होती. गाडी दुपारची. म्हणजे तसं काही बिघडलं नाही.

ट्रंकेत दिलं: फ्रॉक चार, परकर दोन, टॉवेल, तिचं ताट, वाटी, पेला, भिजवायला चणे, आणि परकराच्या घडीत अंबाबाईच्या कुंकवाची पुडी. ह्यांनी आठवडाभराचं ऑडिट अजमेरचंच मागून घेतलंय, म्हणजे तिला सोडून तिथेच राहतील.

निघताना देवापुढे उभी केली आणि कपाळावर कुंकू लावलं, ठसठशीत, प्रवासाला जाताना लावतात तसं. स्टेशनावर गाडी हलायच्या आधी खिडकीतून पाहिलं तर ती कपाळ पुसत होती. मनगटाने, नीट, मुळापासून. मनगटाला अजून जांभळा डाग आहे, तो जात नाही.

मी म्हटलं, अगं हे काय, अपशकुन कशाला?

लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "तिथे बाकीच्या असतील ना, आई."

ऊन फार होतं. घाम आला असेल.

शुक्रवार, १० एप्रिल

पाडवा झाला. गुढी लहानच उभारली.

ह्यांना कार्ड लिहायचं आहे. मजकूर आधी इथे उतरवते, कार्ड वाया जायला नको.

"साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम. आपण सुखरूप पोचलात हे तारेने न कळवता कार्डाने कळवलंत हे योग्य केलंत. चि. शुभीला खाट खिडकीशी मिळाली का? ताप किती? तिला सांगावे की काळ्या कोंबड्या दोघीही परवापासून अंडी देऊ लागल्या आहेत, रोज दोन होतात. सांगू नये असं वाटल्यास सांगू नये. अंडी साठत चालली आहेत, शालनताई विकत घ्यायला तयार आहेत, पण मी अजून दिलेली नाहीत. तिकडे अंडी देतात की घरून न्यावी लागतात? ट्रंकेत परकराच्या घडीत एक पुडी आहे. ती तिने उघडली का ते तिला न विचारता पाहावे. सकाळी भेटायला जाल तेव्हा कपाळ पाहावे, कोरडं आहे की कसं, आणि जे असेल ते उलट टपाली कळवावे."